संधी खर्च, उत्पादन शक्यता वक्र आणि व्यापाराचा लाभ : नवागतांसाठी सोलापुरी हिशेब

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्रात संधी खर्च, उत्पादन शक्यता वक्र आणि व्यापाराचा लाभ ही तीन प्रकरणे बहुधा एकापाठोपाठ येतात आणि विद्यार्थी ती तीन निरनिराळ्या व्याख्या म्हणून पाठ करतात. वास्तविक हा एकच हिशेब आहे. एका वस्तूचा एक नग मिळवण्यासाठी दुसऱ्या वस्तूचे किती नग सोडावे लागतात, एवढा एक प्रश्न नीट विचारता आला, तर वक्राचा, म्हणजे असलेल्या साधनांत दोन वस्तू जास्तीत जास्त किती करता येतात हे दाखवणाऱ्या रेषेचा, उतार आपोआप कळतो आणि दोन माणसांना किंवा दोन देशांना देवघेवीतून फायदा का होतो, हेही त्याच उत्तरातून निघते. हा लेख वाचताना कागद आणि पेन्सिल जवळ ठेवावी व प्रत्येक आकडा स्वतः मांडून पाहावा. उदाहरणांतील रुपये, नग आणि तास हे हिशेब सोपा व्हावा म्हणून गृहीत धरले आहेत.

पहिली पायरी : खिशातून गेलेले आणि हातचे सोडलेले यांतील फरक

समजा, सोलापुरात नवी पेठेत एका गृहस्थांचा स्वतःच्या मालकीचा गाळा आहे आणि त्यात ते कापडाचे दुकान चालवतात. मालाची खरेदी, वीजबिल, नोकराचा पगार असा सगळा रोख खर्च वजा जाता महिन्याला ४०,००० रुपये हातात उरतात. गाळा घरचा असल्यामुळे भाड्याचा प्रश्नच नाही, असे ते म्हणतात. अर्थशास्त्राची पहिली हरकत इथेच आहे. तोच गाळा दुसऱ्याला दिला असता, तर महिन्याला १५,००० रुपये भाडे आले असते; ते भाडे ते दर महिन्याला सोडून देत आहेत. शिवाय ते स्वतः दिवसभर गल्ल्यावर बसतात. तोच वेळ एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरीत घालवला असता, तर २२,००० रुपये पगार मिळाला असता. दुकानात त्यांचा ६ लाखांचा माल अडकलेला आहे. ती रक्कम वार्षिक ६ टक्क्यांनी बँकेत ठेवली असती, तर महिन्याला ३,००० रुपये व्याज आले असते. या तीन रकमांची बेरीज बरोबर ४०,००० होते. हिशेबाच्या वहीत ४०,००० रुपये नफा आणि अर्थशास्त्राच्या हिशेबात शून्य नफा, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. शून्य नफा म्हणजे तोटा नव्हे. आपली साधने दुसरीकडे लावून जेवढे मिळाले असते, तेवढेच त्यांना इथे मिळत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

एखादी गोष्ट निवडताना सोडून द्याव्या लागणाऱ्या पर्यायांपैकी सर्वांत चांगल्या पर्यायाचे मूल्य म्हणजे संधी खर्च. काही पुस्तकांत त्यालाच वैकल्पिक खर्च म्हटलेले आढळेल. या व्याख्येतील ‘सर्वांत चांगल्या’ या शब्दांवर बोट ठेवून पुढे जावे, कारण नवागतांची गफलत बहुतेक वेळा तिथेच होते. गृहस्थांना २२,००० आणि १८,००० अशा दोन नोकऱ्या मिळू शकत असतील, तर त्यांच्या वेळेचा संधी खर्च २२,०००च राहतो. ४०,००० होत नाही, कारण एक माणूस एकाच वेळी दोन नोकऱ्या करू शकत नाही. मग भाडे, पगार आणि व्याज यांची बेरीज आपण कशी केली, असा प्रश्न मनात यायला हवा. गाळा, वेळ आणि भांडवल ही तीन वेगळी साधने आहेत आणि दुकान बंद केल्यास तिन्ही एकाच वेळी मोकळी होतात, म्हणून ती बेरीज योग्य आहे. एका साधनाचा एकच सर्वोत्तम पर्याय धरायचा आणि मग सगळ्या साधनांची बेरीज करायची, असा हा क्रम आहे.

आणखी एक रक्कम या हिशेबातून बाहेर ठेवावी लागते. गृहस्थांनी दुकानाच्या फर्निचरवर २ लाख रुपये घातले असतील आणि ते मोडून विकल्यास काहीच मिळणार नसेल, तर दुकान चालू ठेवावे की बंद करावे, या निर्णयात त्या २ लाखांना स्थान नाही. दोन्हीपैकी कोणताही निर्णय घेतला, तरी ते पैसे परत येणार नाहीत. ‘एवढे पैसे घातले आहेत, आता मागे कसे फिरायचे’ ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु संधी खर्च पुढे असलेल्या पर्यायांचा असतो, मागे झालेल्या खर्चाचा नाही.

दुसरी पायरी : कोणते साधन अपुरे आहे, ते आधी ठरवा

संधी खर्च मोजायचा तो अपुऱ्या साधनाच्या मापाने. मुबलक साधनाच्या मापाने मोजला, तर उत्तर उलटे येते. सोलापूर जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, कारण भीमेवरच्या उजनी धरणाच्या कालव्याखालचे शिवार आणि मंगळवेढ्याकडची, बऱ्याच अंशी जमिनीतल्या ओलाव्यावर रब्बी ज्वारी पिकवणारी काळी रानं एकाच जिल्ह्यात आहेत.

समजा, उसापासून एकरी ९०,००० रुपये निव्वळ उत्पन्न मिळते आणि त्याला पाण्याच्या ३० पाळ्या लागतात. ज्वारीपासून एकरी १५,००० रुपये मिळतात आणि तिला ३ पाळ्या पुरतात. एकराच्या मापाने पाहिले, तर ऊस सहापट भारी दिसतो. आता एका शेतकऱ्याकडे १० एकर जमीन आहे, पण विहिरीत एक एकराला ३० पाळ्या देण्याइतकेच पाणी आहे, असे धरू. सगळे पाणी उसाला दिले, तर एक एकर ऊस उभा राहील, नऊ एकर पडीक राहील आणि उत्पन्न ९०,००० रुपये येईल. तेच पाणी दहाही एकर ज्वारीला तीन-तीन पाळ्या म्हणून पुरेल आणि उत्पन्न १,५०,००० रुपये होईल. इथे पाण्याची एक पाळी उसात ३,००० रुपये मिळवून देते आणि ज्वारीत ५,००० रुपये. ज्याच्याकडे कालव्याचे पाणी भरपूर आहे, त्याच्यासाठी जमीन अपुरी आहे आणि त्याचा उसाचा निर्णय त्याच आकड्यांतून बरोबर ठरतो. म्हणून गणित हाती घेतल्यावर पहिले वाक्य ‘या उदाहरणात अपुरे साधन अमुक आहे’ असे लिहिण्याची सवय लावून घ्यावी. पुढच्या उदाहरणात ते साधन वेळ आहे.

तिसरी पायरी : एका व्यक्तीचा उत्पादन शक्यता वक्र

वर्गात बहुधा आकृती आधी काढली जाते आणि तक्ता नंतर येतो. मला हा क्रम चुकीचा वाटतो, कारण आकृती आधी पाहिलेला विद्यार्थी वक्राचा आकार लक्षात ठेवतो आणि तो आकार कशामुळे आला, हे विसरतो. म्हणून तक्त्यापासूनच सुरुवात करू.

बचत गटातील दोन महिला कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतात, असे समजा. त्यांना मावशी आणि वहिनी म्हणू. ज्वारीची भाकरी पातळ थापून, तव्यावर भाजून, मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवावी लागते. चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे लसूण, तिखट, जिरे, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटावे लागतात. दोन्ही कामांना हात गुंतलेले असतात, त्यामुळे एका वेळी एकच काम होते. दिवसाचे कामाचे तास सहा धरू. मावशी तासाला २० भाकरी किंवा २ किलो चटणी करतात. सहा तासांच्या त्यांच्या शक्यता अशा मांडता येतात :

| भाकरीला दिलेले तास | भाकरी (नग) | चटणी (किलो) |
|---|---|---|
| ६ | १२० | ० |
| ४ | ८० | ४ |
| ३ | ६० | ६ |
| १ | २० | १० |
| ० | ० | १२ |

आता आडव्या अक्षावर चटणी आणि उभ्या अक्षावर भाकरी घेऊन हे पाच बिंदू मांडावेत. ते एका सरळ रेषेत येतील. हाच मावशींचा उत्पादन शक्यता वक्र. रेषा सरळ असली, तरी त्याला वक्रच म्हणण्याचा प्रघात आहे. रेषेवर सरकताना चटणी एक किलोने वाढवली की भाकरी दहाने कमी होतात, म्हणजे एक किलो चटणीचा संधी खर्च १० भाकरी. रेषेचा उतार आणि संधी खर्च या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. प्रश्न उलटा विचारला, तर एका भाकरीचा संधी खर्च एक दशांश किलो, म्हणजे १०० ग्रॅम चटणी येतो. एक आकडा मिळाला की दुसरा त्याचा व्यस्त असतो. तो पुन्हा वेगळा शोधायचा नसतो.

६० भाकरी आणि ४ किलो चटणी हा बिंदू रेषेच्या आत पडतो. तिथे एक तास वाया गेला आहे किंवा काम नीट झालेले नाही. ८० भाकरी आणि ६ किलो हा बिंदू रेषेच्या बाहेर आहे; तेवढे करायला सात तास लागतील. बाहेरचा बिंदू मावशींना एकट्याने गाठता येत नाही, हे लक्षात ठेवावे, कारण पाचव्या पायरीत त्या आपल्या रेषेच्या बाहेर जाणार आहेत.

चौथी पायरी : दोघींची तुलना

वहिनी कामाला नवीन आहेत. त्या तासाला १५ भाकरी किंवा १ किलो चटणी करतात. म्हणजे सहा तासांत ९० भाकरी किंवा ६ किलो चटणी. मावशी दोन्ही कामांत वहिनींपेक्षा उजव्या आहेत. याला निरपेक्ष लाभ म्हणतात. नवागताचे मन इथे लगेच निष्कर्ष काढते की मावशींना वहिनींशी देवघेव करून काय मिळणार? निष्कर्ष बाजूला ठेवावा आणि पुन्हा तोच प्रश्न विचारावा : काय सोडावे लागते?

एक किलो चटणीसाठी मावशी १० भाकरी सोडतात, तर वहिनी १५ भाकरी सोडतात. म्हणून चटणी मावशींना स्वस्त पडते. एका भाकरीसाठी मावशी १०० ग्रॅम चटणी सोडतात, तर वहिनी सुमारे ६७ ग्रॅम. म्हणून भाकरी वहिनींना स्वस्त पडते, जरी त्या भाकरी करण्यात मावशींपेक्षा संथ असल्या तरी. कमी संधी खर्चात वस्तू करता येणे म्हणजे तुलनात्मक लाभ. एकच व्यक्ती दोन्ही वस्तूंत तुलनात्मक लाभ बाळगू शकत नाही, कारण दोन संधी खर्च एकमेकांचे व्यस्त आहेत. एकात आकडा लहान असेल, तर दुसऱ्यात तो मोठाच असणार. दोघींचे संधी खर्च अगदी सारखे असतील, तर मात्र कोणालाही तुलनात्मक लाभ नसतो आणि या मार्गाने देवघेवीचा फायदाही होत नाही.

पाचवी पायरी : कामाची वाटणी आणि देवघेव

आधी दोघी वेगवेगळ्या राहून प्रत्येक कामाला तीन-तीन तास देतात, असे धरू. मावशींकडे ६० भाकरी आणि ६ किलो चटणी तयार होते. वहिनींकडे ४५ भाकरी आणि ३ किलो. एकूण १०५ भाकरी आणि ९ किलो चटणी.

आता वहिनी सहाही तास भाकरी करतात : ९० भाकरी. मावशी पाच तास चटणी आणि एक तास भाकरी करतात : १० किलो आणि २० भाकरी. एकूण ११० भाकरी आणि १० किलो. कोणी जास्त तास काम केले नाही, कोणाचा हात जलद झाला नाही, नवे साधन आले नाही. तरीही पाच भाकरी आणि एक किलो चटणी वाढली. ही वाढ केवळ कामाच्या वाटणीतून आलेली आहे, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, असे मला वाटते.

वाढलेला माल दोघींकडे कसा पोहोचतो, ते अदलाबदलीच्या दरावर ठरते. एक किलो चटणीला १२ भाकरी असा दर ठरला आणि मावशींनी साडेतीन किलो चटणी देऊन ४२ भाकरी घेतल्या, तर मावशींकडे ६२ भाकरी आणि साडेसहा किलो चटणी राहते. वहिनींकडे ४८ भाकरी आणि साडेतीन किलो. दोघींकडेही दोन्ही वस्तू आधीपेक्षा जास्त आहेत. ६२ भाकरी आणि साडेसहा किलो हा बिंदू मावशींच्या रेषेवर मांडून पाहावा. तो बाहेर पडतो.

दर १२ का? तो १० आणि १५ यांच्या मध्ये आहे म्हणून. मावशी स्वतः १० भाकरी सोडून एक किलो चटणी करतात. त्यांना एका किलोला १० पेक्षा कमी भाकरी मिळत असतील, तर त्या चटणी देणारच नाहीत. वहिनींना स्वतः चटणी केली, तर १५ भाकरी सोडाव्या लागतात. त्याहून जास्त मागितल्या, तर त्या स्वतःच उखळ घेऊन बसतील. दर बरोबर १० ठरला, तर साडेतीन किलोला ३५ भाकरी मिळून मावशींकडे ५५ भाकरी आणि साडेसहा किलो राहते. हा बिंदू त्यांच्याच रेषेवर आहे, म्हणजे त्यांना काही मिळाले नाही आणि सगळा लाभ वहिनींकडे गेला. दर १५ कडे सरकला की लाभ मावशींकडे सरकतो. दोन सीमा संधी खर्च ठरवतो; त्या सीमांमध्ये दर कुठे थांबेल, हे घासाघीस, गरज आणि बाजारातील पर्याय ठरवतात. ‘व्यापाराने दोघांनाही फायदा होतो’ हे वाक्य खरे आहे, पण दोघांना सारखा फायदा होतो, असे ते सांगत नाही.

सहावी पायरी : दोघींचा मिळून वक्र आणि त्याचा बाक

दोघींनी फक्त भाकरी केल्या, तर २१० भाकरी होतात. आता थोडी चटणी हवी आहे. ती कोणी करावी? अर्थात मावशींनी, कारण त्यांना ती स्वस्त पडते. पहिल्या १२ किलोपर्यंत दर किलोला १० भाकरी सुटतात आणि आपण ९० भाकरी, १२ किलो या बिंदूवर येतो. त्यापुढची चटणी वहिनींनाच करावी लागते आणि तिथून प्रत्येक किलोला १५ भाकरी सुटतात. शेवटी १८ किलो चटणी आणि शून्य भाकरी. रेषेला मध्ये एक कोपरा आला आणि ती बाहेरच्या बाजूला फुगली. दोघींऐवजी निरनिराळ्या हातांच्या शेकडो महिला घेतल्या, तर असे असंख्य कोपरे मिळून पुस्तकातला गुळगुळीत वक्र तयार होतो. वाढता संधी खर्च येतो, तो यामुळे. आधीचा ९ किलो आणि १०५ भाकरींचा बिंदूही या वक्राशी ताडून पाहावा : ९ किलोला वक्रावर १२० भाकरी मिळतात, म्हणजे वेगवेगळे राहताना १५ भाकरी हातच्या जात होत्या.

साधने जितकी एकाच कामासाठी घडवलेली, तितका हा बाक जास्त. सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्ही याच शहरात विणले जातात. परंतु चादरीची नक्षी जॅकार्ड (नक्षीप्रमाणे धागे उचलणारे यंत्र) बसवलेल्या मागावर उतरते, तर टॉवेलच्या फासांसाठी मागावर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, दुसरा बीम (धागे गुंडाळलेला रूळ) लागतो. चादरीचा माग टॉवेलकडे वळवायचा, तर जोडणी बदलावी लागते, विणकराचा हात बसेपर्यंत माल कमी निघतो आणि तेवढ्या टॉवेलसाठी सोडाव्या लागणाऱ्या चादरींची संख्या वाढते.

सातवी पायरी : तासांचा तक्ता आणि रिकार्डो यांचे आकडे

परीक्षेत तक्ते दोन प्रकारचे येतात. एकात ठरावीक वेळात किती नग होतात, ते दिलेले असते. दुसऱ्यात एका नगाला किती वेळ लागतो, ते. दुसऱ्या प्रकारात लहान आकडा चांगला आणि भागाकार उलटा, हे विसरल्यास सगळे उत्तर उलटते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली तुलनात्मक लाभ मांडताना दुसरा प्रकार वापरला. त्यांच्या उदाहरणात ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्याला १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९० आणि मद्याला ८०. पोर्तुगाल दोन्हींत पुढे आहे. मद्याचा संधी खर्च काढण्यासाठी मद्याचे श्रम कापडाच्या श्रमांनी भागावेत : इंग्लंडमध्ये १२० भागिले १००, म्हणजे १.२ नग कापड. पोर्तुगालमध्ये ८० भागिले ९०, म्हणजे सुमारे ०.८९ नग कापड. मद्य पोर्तुगालला स्वस्त, म्हणून कापड इंग्लंडला स्वस्त, आणि मद्याच्या एका नगाचा दर ०.८९ ते १.२ नग कापडाच्या दरम्यान राहील. रिकार्डो यांनी एकास एक अदलाबदल धरली होती. ती या मर्यादेत बसते. मावशी-वहिनींचा तक्ता तासांत बदलून हेच गणित एकदा करावे. उत्तर पूर्वीचेच यायला हवे.

आठवी पायरी : आकडे बदलले की वाटणी बदलते

मावशींनी कांडप यंत्र आणले आणि त्यांची चटणी तासाला ४ किलो होऊ लागली, असे समजा. वक्राचे भाकरीकडचे टोक १२० वरच राहते आणि चटणीकडचे टोक १२ वरून २४ किलोवर सरकते. एक किलो चटणीला आता पाचच भाकरी सुटतात. पण त्याच वेळी एका भाकरीचा संधी खर्च १०० ग्रॅमवरून २०० ग्रॅम झाला. भाकरी करण्याच्या पद्धतीत काहीही बदल झालेला नाही, तरी भाकरी महाग पडू लागली, कारण तिच्यासाठी सोडावी लागणारी गोष्ट वाढली. एखादा धंदा पूर्वीइतक्याच कसबाने चालू असूनही शहरातून का आटतो, याचे एक उत्तर या आकड्यात आहे.

आता यंत्र मावशींऐवजी फक्त वहिनींकडे आले आणि त्यांची चटणी तासाला २ किलो झाली, असे धरू. सहा तासांत ९० भाकरी किंवा १२ किलो. एका किलोला साडेसात भाकरी. मावशींचा आकडा १० आहे. तुलनात्मक लाभ फिरला : चटणी वहिनींकडे आणि भाकरी मावशींकडे गेली. दर आता साडेसात आणि १० यांच्या मध्ये राहील.

कागदावर हा बदल एका ओळीत होतो, पण प्रत्यक्षात त्यासाठी हात पुन्हा बसवावा लागतो, आणि या दोन महिलांना दोन्ही कामे येत होती, म्हणून तो सोपा वाटतो. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे शहर गिरण्यांवर वाढले. त्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा साचा (गिरणीतला माग) चालवणाऱ्या कामगाराला दुसऱ्या दिवशी दुसरे काम हातात घेता आले नाही. उत्पादन शक्यता वक्रावरून सरकण्याचा वेळ, शिकण्याचा खर्च आणि मधल्या काळातली बुडालेली मजुरी आपल्या तक्त्यात कुठेच नाही. म्हणून एकूण लाभ काढून झाल्यावर त्याच कागदावर तिसरा रकाना आखावा आणि कोणाला किती मिळाले, कोणाचे किती गेले आणि ज्याचे गेले, त्याला भरपाई द्यायला वाढलेल्या उत्पादनातून किती उरते, हे लिहावे. पाचव्या पायरीतल्या उदाहरणात पाच भाकरी आणि एक किलो चटणी एवढी ती मर्यादा आहे.